घड्याळजींच्या चौकटीवरचा कोष

माणसाने नवं काम हाती घेताना घरात सांगू नये, असं माझं मत आहे. काम फसलं तर निदान साक्षीदार तरी नसतो. पण फुलपाखरं वाढवायचं काम मी हाती घेतलंच नाही. ते हातात येऊन पडलं, आणि पडलं तेव्हा बायको समोर उभी होती.

आमच्या गॅलरीत कुंडीत लिंबाचं झाड आहे. लिंबू त्याला कधी लागलेलं नाही, पण पानं भरगच्च. एका रविवारी सकाळी पाहतो तर पानांवर पाच ठिकाणी पाखरांची शीट. ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो, तर त्यातली एक शीट चालायला लागली. अशा वेळी सुशिक्षित माणसाने जे करावं तेच मी केलं. ओरडलो.

बायको आली. तिने चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"अळ्या आहेत. चार दिवसांत झाड फस्त करतील. टाका काढून."

"मुळीच नाही," मी म्हणालो. का म्हणालो ते विचारू नका. बहुधा नुकताच ओरडलो होतो, त्याची भरपाई म्हणून असेल. "यांची फुलपाखरं होतात. मी वाढवणार."

"तुम्ही?"

एवढंच म्हणाली आणि आत गेली. लग्नाला बावीस वर्षं झाली की बायका वाक्यं पूर्ण करत नाहीत. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता आकाश कोसळलं तरी चालेल, पण या पाचांची फुलपाखरं होणार.

चपलांचं मोठं खोकं रिकामं केलं, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, आत लिंबाच्या डहाळ्या ठेवल्या. तासाभरात इमारतभर बातमी. आमच्या इमारतीत बातमीला जिना चढावा लागत नाही, ती पाइपातून जाते.

तळमजल्यावरचे केमिस्ट म्हणाले, "वाढीचं वय आहे. टॉनिकचे दोन थेंब द्या." वरच्या मजल्यावरच्या गायनक्लासच्या बाई म्हणाल्या, "सकाळी माझी शिकवणी चालू असते तेव्हा खोकं खिडकीशी ठेवत चला. सूर कानावर पडले पाहिजेत."

"अहो, पण अळ्यांना कान नसतात."

"माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांनाही नाहीत," बाई म्हणाल्या. "मी शिकवतेच ना?"

सोसायटीचे सेक्रेटरी सल्ला द्यायला आले नाहीत, फॉर्म घेऊन आले. घरात प्राणी पाळायचा तर नोंद हवी. फॉर्म कुत्र्यांसाठी छापलेला होता, पण नियम तो नियम. 'भुंकतो काय?' नाही. 'चावतो काय?' फक्त पाने. 'गळ्यात पट्टा आहे काय?' यावर मी जरा विचार केला आणि 'पट्टे आहेत, अंगावरच' असं लिहिलं. शेवटी 'प्रत्यक्ष पाहणी' असा रकाना होता. सेक्रेटरींनी जाळी उचलली आणि ओळख पटवण्यासाठी सगळ्यात मोठ्या अळीला पेनाचं टोक लावलं. अळीने डोक्यातून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि असा काही उग्र दर्प सोडला, की सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले.

"प्राण्याला शिंगं आहेत, हे तुम्ही अर्जात लपवलंत," ते नाकाला रुमाल लावून म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मात्र झाडावरची पानं संपत आली. आठ दिवसांत झाडाचा खराटा झाला. अळी खाते म्हणजे जेवते असं नाही. ती टंकलेखन करते. पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, मग खालची ओळ. मी घाईघाईने रोपवाटिकेतून लिंबाचं एक तजेलदार रोप आणलं. पानं इतकी चकचकीत की चेहरा दिसावा. डहाळ्या कापून खोक्यात ठेवल्या आणि निर्धास्तपणे ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा तीन अळ्या खोक्याच्या तळाशी पडलेल्या होत्या. मऊ, काळपट, निश्चल. पानं चकचकीत का होती, ते तेव्हा कळलं. औषध मारलेलं होतं.

यावर विनोद करता येईल, पण मी करणार नाही. त्या तिघींना मी शिटेच्या रंगातून हिरवं होताना पाहिलं होतं. बायको येऊन शेजारी बसली. तिने त्या डहाळ्या काढून घेतल्या, खोकं पाण्याने धुतलं, पुसलं आणि उरलेल्या दोघींना जुन्या झाडाच्या शेवटच्या दोन पानांवर ठेवलं.

"उद्या सकाळपर्यंत पुरतील," ती म्हणाली. "पुढचं बघा."

पुढचं बघायला मी सकाळी सहाला सार्वजनिक बागेत गेलो. तिथे कोपऱ्यात लिंबाचं जुनं, मोठं झाड आहे आणि त्यावर कुणी औषध मारत नाही, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही. मी मात्र चौथं पान तोडतोय तोच माळ्याने पकडलं. त्याने मला हाताला धरून अधीक्षकांच्या खोलीत नेलं. वाटेत आमचे दोन ओळखीचे फिरायला आलेले भेटले. त्यांनी नमस्कार केला. तीन पानं मुठीत आणि एक तोंडात धरून जितका रुबाबदार नमस्कार करता येतो, तितका मी केला.

अधीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. वृक्षतोड परवानगी.

"साहेब, मला झाड नको, पानं हवीत. रोज पंधरा-वीस."

"पान हे आमच्याकडे एकक नाही. झाड किंवा फांदी."

"मग फांदी लिहितो."

"फांदीला पाहणी लागते. पाहणी करणारे रजेवर आहेत."

"कधी येणार?"

"ते आल्यावर कळेल."

मी अर्ज भरला. एकदा नव्हे, तीनदा, कारण पहिल्यात 'तोडीचे कारण' या रकान्यात मी 'भूक' लिहिलं होतं. तिसरा अर्ज घेऊन उभा असताना माळी माझ्या कानाशी लागला. "साहेब, छाटणी आज दुपारी आहे. छाटलेलं म्हणजे कचरा. कचऱ्याला परवानगी लागत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण अळ्या मला दाखवायला लागतील. तीस वर्षं मारतोय मी त्यांना, पुढं काय होतं ते कधी बघितलं नाही."

तो आला, खोक्याजवळ उकिडवा बसला, बराच वेळ बसला. त्यानंतर रोज सकाळी ताज्या डहाळ्या तोच आणून देऊ लागला. परवानगीचं पत्र अजून आलेलं नाही.

दोघी अंगठ्याएवढ्या झाल्या. मग एके दिवशी त्यांनी खाणं सोडलं आणि खोक्यात येरझारा सुरू केल्या. हे कोषात जाण्याचं लक्षण. एकीने डहाळी पसंत केली, शेपटाशी रेशमाची गादी केली, पाठीमागून रेशमाचा एक धागा घेऊन स्वतःला बांधलं, खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा बांधून मागे रेलतो तशी रेलली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा कोष होता. दुसरी मात्र बेपत्ता. मच्छरदाणीला एका कोपऱ्यात भोक होतं. ते कुणी ठेवलं यावर आमच्याकडे एक दिवस चर्चा झाली. तिचा निकाल तुम्हाला माहीतच आहे.

मी पलंग सरकवला, पडदे झाडले, फ्रिजखाली टॉर्च मारला. ती सापडली दीड दिवसाने, आणि नको तिथे सापडली. समोरच्या दाराच्या चौकटीवर, घंटेच्या बटणाच्या वर चार बोटं, कोष होऊन.

समोर घड्याळजी राहतात. सत्तरीचे, एकटे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; ते बंद करून आता घरीच लहानसहान कामं घेतात. त्यांच्यात आणि माझ्यात तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण असं, की एकदा त्यांचं वर्तमानपत्र चुकून आमच्या दारात पडलं आणि मी त्यातलं शब्दकोडं सोडवलं. पेनाने. आणि ते म्हणतात, चुकीचं.

खरी पंचाईत पुढेच होती. त्यांच्या दाराला चिकटवलेला कागद: 'उद्या रंगकाम. हात लावू नये.'

मी घंटा वाजवली. दार उघडलं.

"काका, तुमच्या चौकटीवर माझा कोष आहे."

तीन वर्षांनंतर बोलायला सुरुवात करण्यासाठी हे वाक्य बरं नव्हतं, हे मला मान्य आहे. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या चौकटीवर जे आहे ते माझं. आणि उद्या तिथे रंग असेल."

"दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे."

"रंगारी उद्याचा आहे," असं म्हणून त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, हे नमूद केलं पाहिजे. तेव्हा ते अजून रागावलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून रजा घेतली आणि सकाळी आठला त्यांच्या दाराशी स्टूल टाकून बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्याची करमणूक झाली. केमिस्ट हळू आवाजात म्हणाले, "वहिनींनी बाहेर काढलं का? होतं असं कधीकधी." गायनक्लासच्या तीन मुली मला वळसा घालून गेल्या आणि वरच्या जिन्यावर पोचल्यावर हसल्या. मग सेक्रेटरी आले.

"जिन्यात फर्निचर ठेवायला मनाई आहे."

"हे फर्निचर नाही. मी त्यावर बसलोय. ते आसन आहे."

त्यांनी विचार केला. "तुम्ही उठलात की फर्निचर."

त्यामुळे मला उठता येईना. बायको तिथेच चहा घेऊन आली. कप देताना म्हणाली, "पाठीमागे उशी हवी का?" तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला जरा धीर आला.

रंगारी मात्र देवमाणूस निघाला. "असू द्या ना साहेब," तो म्हणाला, "त्याच्याभोवती हातभर जागा सोडतो. नाहीतर त्यालाच एक हात मारू का? मॅचिंग होईल." मी नको म्हणालो. त्याने कोषाभोवती कागद लावून सगळी चौकट सुरेख रंगवली आणि मध्ये जुन्या तपकिरी रंगाचा एक चौकोन सोडला. दुपारी घड्याळजी काम बघायला बाहेर आले.

"हे काय?"

"ते या साहेबांनी..."

"दार माझं! रंग माझा! हे गृहस्थ कोण?" घड्याळजींचा आवाज तीन मजले ऐकू गेला असेल. "आधी माझं कोडं, आता माझी चौकट!" आणि आत जाऊन त्यांनी दार असं आपटलं, की घंटा आपोआप वाजली.

कोष हलला. पाठीमागचा धागा तुटला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत सुटून पायपुसण्यावर पडला.

मी गुडघ्यांवर बसलो. हात पुढे केले, पण उचलायचा कसा ते कळेना. एवढासा जीव, चिमटीत धरला तर चिरडेल. घड्याळजींना बहुधा एखादा शब्द बोलायचा राहिला होता, कारण दार पुन्हा उघडलं. त्यांनी मला पाहिलं, पायपुसणं पाहिलं, आणि तो शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

"हलतंय का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"सरका. हात लावू नका. कारकुनी हात आहेत तुमचे."

ते आतून डोळ्याला लावायचं भिंग आणि एक बारीक चिमटा घेऊन आले. फरशीवर पोटावर आडवे झाले, सत्तरीचा माणूस, आणि कोषाकडे पाहत राहिले. कोषाने शेपूट किंचित वळवलं.

"जिवंत आहे," ते म्हणाले. मग भिंगातून निरखत, वेगळ्याच आवाजात, "शेपटाला आकडे आहेत हो. किती बारीक! असलं काम मी आयुष्यात केलेलं नाही."

कोष आत गेला. त्यांच्या कामाच्या टेबलावर, खिडकीपाशी, त्यांनी बुचाची पट्टी उभी केली. चौकटीवर उरलेली रेशमाची गादी पात्याने अलगद सोडवून पट्टीवर चिकटवली, शेपटाचे आकडे तिच्यात अडकवले आणि पाठीमागून रेशमी दोऱ्याचा एक पदर घेतला. तुटलेल्या धाग्याइतकाच ताण, ना जास्त ना कमी. वीस मिनिटं लागली. मी तेवढा वेळ श्वास घेतल्याचं आठवत नाही.

"बरं, आता मी घरी नेतो," मी म्हणालो.

"नाही. माझ्या हातून पडलं. माझ्याकडे आलेलं काम मी चालल्याशिवाय बाहेर देत नाही."

"पण काका, वाढवलंय मी."

"तर मग बघायला या. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच."

म्हणजे माझ्याच अळीला भेटायला मला वेळ ठरवून दिली गेली. मानी माणसाने नाही म्हटलं असतं. मी सकाळी पाणी फवारायची बाटली घेऊन बरोबर साडेसातला हजर झालो. कोषावर दोन फुसकारे, पाच मिनिटं, बाहेर. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आमच्या खोक्यातल्या कोषाला बाजूने गोल भोक पडलेलं दिसलं आणि मच्छरदाणीला आतून एक बारीक काळी गांधीलमाशी चिकटलेली. तिच्या आईने आधीच अळीच्या अंगात अंडं घातलेलं असतं, अळी तेच घेऊन कोषात जाते. फुलपाखराच्या जागी ती बाहेर आली होती.

त्या संध्याकाळी मी घड्याळजींकडे गेलो तो बाटली न घेताच.

"आमचं गेलं," मी म्हणालो. "आता हे एकच."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घड्याळं भिंतीभर टिकटिकत होती, आणि ते एकदाही तिकडे पाहत नव्हते.

"यातही तसंच असेल का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. बाहेर येईपर्यंत कळत नाही."

त्यानंतर वेळेचं बंधन सुटलं. बायकोही येऊ लागली. रविवारी कोष काळवंडला आणि कवचातून पिवळे ठिपके दिसू लागले. पंख! आम्ही तिघं सबंध दिवस टेबलाभोवती बसून राहिलो. काही झालं नाही. सोमवारी रजा शिल्लक नव्हती.

मी वीजमीटरच्या तक्रार खिडकीवर बसतो. सोमवारी रांग दारापर्यंत असते. अकराच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, फुटलं! काकांनी हाक मारली म्हणून धावत आले. थांबा, त्यांच्या कानाला लावते. त्यांना हात हलवता येत नाहीये."

"का? काय झालं?"

"अकरा वाजून दोन मिनिटांनी चीर गेली," घड्याळजींचा आवाज आला. ते कुजबुजत होते. "अकरा-चारला बाहेर. बुचावर पाय धरेनात, घसरायला लागलं. मी बाही पुढे केली. आता बाहीवर आहे. उलटं लटकलंय."

"पंख?"

"ओल्या कागदासारखे चुरगळलेले. एवढेसे."

"काका, हलू नका. लटकून राहिलं तरच पंख सरळ होतात. पडलं तर तसेच वाळतील."

"मला कळलंय ते. म्हणून तर हात वर धरलाय."

"काय झालं हो?" खिडकीतून पहिल्या नंबरच्या बाईंनी विचारलं. त्यांचा मीटर उलटा फिरत होता. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मागे वळून सांगितलं. रांग खिडकीला येऊन चिकटली.

"उघडतायत," फोनमधून आवाज आला. "डावा... आता उजवाही."

"उघडतायत," मी म्हणालो. मागून कुणीतरी म्हणालं, "दोन्ही का?" तेवढ्यात आमचे साहेब आले. खिडकीपाशी वीस माणसं, आणि एकही तक्रार करत नाही; असं दृश्य त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. मी उभा राहिलो.

"साहेब, अर्धा दिवस सुटी पाहिजे. घरी जन्म झालाय."

"या वयात?" साहेब म्हणाले.

"जाऊ द्या हो त्यांना," उलट्या मीटरच्या बाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

घरी पोचायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यातला जिना मी कसा चढलो ते केमिस्टांना विचारा. घड्याळजींचं दार सताड उघडं होतं. ते खिडकीत उभे होते, उजवा हात खांद्याच्या वर, ताठ, आणि पांढऱ्या बाहीच्या कडेला ते लटकलेलं: काळं, पिवळ्या ठिपक्यांचं, खालच्या टोकाशी विटकरी लाल डाग, पंख पूर्ण उघडलेले, कुठे एक सुरकुती नाही. बायको त्यांच्या कोपराखाली तळवा धरून उभी होती. बाहीवर फुलपाखराने सोडलेल्या तांबूस द्रवाचे दोन डाग पडले होते.

"या," ते ओठ न हलवता म्हणाले. "बोट लावा खाली. ते तुमचं आहे."

मी बोट पुढे केलं. फुलपाखराने एक पाय टाकला, मग दुसरा. त्याचे पाय लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. गुदगुल्या होत नाहीत, कुणीतरी अगदी हळू पकडल्यासारखं वाटतं. पंख एकदा मिटले, एकदा उघडले. आणि ते गेलं. खिडकीतून खाली, मग एकदम वर, समोरच्या इमारतीच्या टाकीवरून पलीकडे.

माझं बोट अजून तसंच पुढे होतं.

"किती वेळ होतं हो माझ्या बोटावर?" मी विचारलं.

"सोळा सेकंद," घड्याळजी म्हणाले.

"काका, आता हात खाली घ्या," बायको म्हणाली.

"येत नाहीये."

आधी बायकोला हसू फुटलं, मग मला, आणि मग घड्याळजींना. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने मनगट धरलं, मी कोपर धरलं, आणि आम्ही दोघांनी त्यांचा तो हात अगदी हळूहळू खाली आणला.